रंगाची नमुना सही

आज रविवार. चहा झाला असेल तर एक छोटा उद्योग करून पाहा. घरात नेहमी येणाऱ्या एखाद्या औषधाची, टूथपेस्टची किंवा अगरबत्तीची दोन खोकी शोधा. एक मागच्या महिन्यातलं, एक परवा आणलेलं. दोन्ही खिडकीपाशी नेऊन शेजारी शेजारी धरा. निळा रंग तोच आहे ना? बहुतेक वेळा असतोच, आणि म्हणून आपलं तिकडे लक्षही जात नाही. पण समजा, एक निळा जरा जांभळट दिसला, तर मनात पहिली शंका काय येईल? 'दुकानदारानं डुप्लिकेट माल तर गळ्यात मारला नाही?' आतल्या गोळ्या तपासायला आपल्याकडे प्रयोगशाळा नसते. खोक्याचा रंग हीच आपली प्रयोगशाळा.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्याची ओळख सांगताना आपण स्कूटरी, ट्रक, गिअर, बेअरिंगं असं काय काय सांगतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, मग टेल्को, बजाज, आणि २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन. ही यादी इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. पण इथून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू, मग ते पेनिसिलिन असो की क्लचप्लेट, कसल्या तरी छापील खोक्यात बसून किंवा छापील लेबल लावूनच बाहेर पडते. ती खोकी छापणारे कारखाने मोठ्या कारखान्यांच्या मागच्या गल्ल्यांत असतात. पत्र्याची शेड, दारात कागदाची रिमं, आत दोनरंगी नाहीतर चाररंगी मशीन, आणि शाईचा, रॉकेलचा एक मिश्र वास.

या गल्ल्यांशी माझा संबंध आला तो बँकेच्या नोकरीमुळे. नव्वदीच्या दशकात काही वर्षं त्या भागातल्या एका शाखेत मी कर्जाची टेबलं सांभाळली. छापखान्याला कॅश क्रेडिट देताना आमच्यासमोर एक विचित्र अडचण असे. लोखंडाचं काम करणाऱ्याचा माल नाकारला गेला तरी लोखंड उरतं. भंगारात का होईना, त्याला भाव असतो, आणि बहुतेक वेळा तो तुकडा पुन्हा यंत्रावर चढवताही येतो. छापलेल्या खोक्याचं तसं नाही. त्यावर एका कंपनीचं, एका औषधाचं नाव आहे. त्या कंपनीनं 'नको' म्हटलं की जगात दुसरं गिऱ्हाईक नाही. काल स्टॉक स्टेटमेंटमध्ये लाखात मोजलेला माल आज रद्दी. कोरा कागद त्याच्यापेक्षा महाग.

असा प्रसंग आमच्या एका खातेदारावर आला. टेम्पो भरून खोकी गेली आणि तोच टेम्पो ती घेऊन परत आला. सोबत डेबिट नोट. कारण एका ओळीचं: मंजूर नमुन्याशी रंग जुळत नाही. हा गृहस्थ नमुना घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. त्यावर कंपनीच्या अधिकाऱ्याची सही होती, तारीख होती. शेजारी छापलेलं खोकं ठेवलं. खरंच जुळत नव्हतं. पण ते दोन्ही कागद वेगळे होते, नमुना वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या शाईनं काढलेला होता, आणि तो पाहिला गेला होता ट्यूबलाइटखाली. मशीनवरचा माणूस जन्मभर खपला असता तरी त्या नमुन्यासारखा रंग त्या कागदावर उतरवू शकला नसता. म्हणजे सही झाली तेव्हाच भांडण छापून झालं होतं. खोकी नंतर छापली गेली, इतकंच. खातं सावरायला दोन वर्षं लागली.

प्रूफ म्हटलं की आपल्याला अक्षरांचं प्रूफ आठवतं. वेलांट्या, अनुस्वार, सुटलेले शब्द. त्यासाठी मराठीत मुद्रितशोधक नावाची एक अख्खी जमात होऊन गेली, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्यानं तिच्या पायाचं तीर्थ घ्यायला हवं. पण अक्षराचं प्रूफ आणि रंगाचं प्रूफ यांत मूलभूत फरक आहे. 'क'च्या जागी 'ख' पडला तर तो चुकला यावर दोघांचं एकमत होतं. लाल जरा तांबूस झाला, हे चुकलं की नाही, यावर होत नाही. म्हणून रंगाचं प्रूफ हे मुळात करारपत्र आहे. छापणारा म्हणतो, 'मी असं छापीन.' गिऱ्हाईक म्हणतं, 'असं छापलंस तर मी पैसे देईन.' खाली सही. हे करारपत्र खोटं असेल, म्हणजे छापणाऱ्याला जे साधणार नाही ते त्यात दाखवलं असेल, तर त्याची किंमत कोणीतरी मोजतोच, आणि बहुधा तो पत्र्याच्या शेडमधला असतो.

पूर्वी ही अडचण कमी होती, कारण प्रूफ आणि छपाई सख्ख्या बहिणी असत. पुण्याहून लोणावळा लोकलनं जाताना पिंपरी, आकुर्डी, देहूरोड मागं टाकून कामशेतच्या पुढे मळवली स्टेशन लागतं. चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला शिळाछापखाना प्लेगच्या दिवसांत या मळवलीला हलला. आपल्या आजी-पणजीच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वती तिथल्या. तिथं रंगागणिक वेगळा दगड असे. मूळ तैलचित्र पाहून कुठल्या दगडावर कुठला रंग किती यायचा, हे जर्मन आणि त्यांच्या हाताखाली शिकलेले कारागीर नजरेनं ठरवत, आणि एकेक रंग चढवत टप्प्याटप्प्याची प्रुफं काढत. तोच दगड, तीच शाई. प्रुफात जे दिसलं ते छपाईत येणारच. तो छापखाना १९७२ साली आगीत गेला.

नंतर ब्लॉक आले, मग ऑफसेट आणि फिल्म. दिवाळी अंकांवरच्या दीनानाथ दलालांच्या किंवा रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांचे रंग फिल्टर लावून वेगळे केले जात, त्यांच्या प्लेटा बनत, आणि हातानं चालवायच्या छोट्या मशीनवर आधी चार-सहा प्रती काढून पाहत. फिल्मच्या जमान्यात पुढे 'क्रोमॅलिन'सारखी प्रुफं आली. छपाईच्याच फिल्मवरून, रंगीत पूड वापरून केलेली. महाग, पण भरवशाची. मग साधारण २००० सालानंतर आपल्याकडेही कॉम्प्युटरवरून लेझरनं थेट प्लेट बनू लागली आणि मधली फिल्मच नाहीशी झाली. फिल्म गेली तसं फिल्मवरून काढायचं प्रूफही गेलं. आता प्लेट बनवून, मशीनवर चढवून, शे-दोनशे ताव फुकट घालवून बघावं, तर तो खर्च कोण देणार? मग लोकांनी इंकजेट प्रिंटरकडे मोर्चा वळवला. एक ताव, दहा मिनिटं, काम झालं.

आणि इथंच गोम होती. इंकजेटचा ताव फार म्हणजे फारच सुंदर यायचा.

झेंडूचं उदाहरण घ्या, कारण दसऱ्याच्या आसपास निम्म्या जाहिरातींत आणि सगळ्या दिवाळी अंकांत झेंडू असतो. ऑफसेट छपाईत चारच शाया: निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. पिवळी आणि किरमिजी मिळून नारिंगी होतो खरा, पण तो खरा पेटलेला झेंडू नसतो; किंचित विझलेला असतो. भगव्याचंही तेच. मोरपंखी निळा, पैठणीचा जांभळा, कोवळ्या पोपटीचा झळाळ हेही या चार शायांच्या कुंपणाबाहेर बरेचसे राहतात. इंकजेट प्रिंटरात मात्र आठ-आठ, दहा-दहा शाया असतात. काहींत स्वतंत्र नारिंगी आणि हिरवीसुद्धा. कागद पांढराशुभ्र, खास लेप दिलेला. त्यावर झेंडू असा पेटतो की गिऱ्हाईक खूश होऊन लगेच सही करतं. आठवड्यानं छापील ताव येतात आणि विचारणा होते, 'आमच्या झेंडूचा रंग कुठं गेला?' कुठं गेला नाही साहेब, तो छपाईच्या मशीनमध्ये कधी नव्हताच.

प्रिंटरसोबत जे फुकट सॉफ्टवेअर येतं, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, त्याचा यात दोष नाही. तो लग्नातल्या तरबेज आचाऱ्यासारखा आहे. त्याला नुसतं 'बटाट्याची भाजी' म्हणायचं. तिखटमीठ तो आपल्या अंदाजानं घालतो आणि भाजी रुचकर होते. पण समजा, उद्याच्या पाचशे पानांच्या पंगतीत जी भाजी वाढली जाणार आहे, मोठ्या कढईतली, थोडी गाळ झालेली, तीच चव आज यजमानाला एका वाटीत दाखवायची आहे. तिथं रुचकर भाजी करणारा आचारी कामाचा नाही. तिथं हवा तो नेमका तसाच गाळ करून दाखवणारा.

प्रूफासाठी वेगळं, बऱ्यापैकी महागडं सॉफ्टवेअर घेतात ते यासाठी. धंद्यात त्याला 'रिप' म्हणतात: रास्टर इमेज प्रोसेसर. (इंग्रजी थडग्यांवरही हीच तीन अक्षरं असतात, आणि ऐन दिवाळीत ते बंद पडलं की छापखानेवाले त्यावरून व्हायचे ते विनोद करतात.) मूळ अर्थ साधा आहे. कॉम्प्युटरवर सजवलेलं पान म्हणजे प्रत्यक्षात आज्ञांची यादी असते: इथं या मापाचा 'अ', तिथं अमुक रंगाचा चौकोन, त्यावर हे छायाचित्र. १९८४ साली अडोबी कंपनीनं 'पोस्टस्क्रिप्ट' नावाची अशी भाषा आणली आणि १९९३ मध्ये तिची धाकटी, आता घराघरात पोचलेली पीडीएफ. प्रिंटरला यातलं काही कळत नाही. त्याला कळतं फक्त 'इथं ठिपका टाक, इथं टाकू नको'. यादी वाचून ठिपके करणारा दुभाषा म्हणजे रिप.

या दुभाष्यानं नव्वदीत मराठीचा छळही पुष्कळ केला. पडद्यावर शुद्ध दिसणारं पान रिपमधून बाहेर पडे ते अनोळखी चिन्हांची रांग होऊन, कारण देवनागरी फॉण्ट त्याच्याकडे उतरवलेलाच नसे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी किंवा सीडॅकचं काम वापरणाऱ्या डीटीपीवाल्यांना विचारा. रात्री अकरा वाजता 'र्‍या' उडालेली पानं त्यांनी पाहिलेली आहेत. म्हणून कित्येक जण अक्षरांचं चित्र करूनच पान पाठवत. ते असो.

रंगापुरतं हे सॉफ्टवेअर काय करतं? सगळ्यात आधी ते प्रिंटरला शिस्त लावतं. कोरा कागद किती शाई पिऊ शकतो हे ठरवतं, नाहीतर चारही शाया पूर्ण ताकदीनं ओतल्या की कागद चिंब होऊन पोपडे धरतो. मग शून्यापासून शंभरापर्यंत प्रत्येक शाईची पायरी छापून, मोजून, पन्नास म्हणजे पन्नासच पडेल असं बघतं. आज, उद्या आणि नवी शाईची कुपी बसवल्यावरसुद्धा. त्यानंतर रंगांच्या चौकोनांचा मोठा तक्ता छापतात. जगभर वापरात असलेल्या एका तक्त्यात १६१७ चौकोन आहेत. स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचं यंत्र एकेक चौकोन वाचतं. तसाच तक्ता ऑफसेट मशीनवरही छापून वाचलेला असतो. आता सॉफ्टवेअरकडे दोन यंत्रांच्या दोन कुंडल्या आल्या. ऑफसेटवर या आकड्यांचा जो रंग पडतो, तो इंकजेटवर पाडायला कुठल्या शाया किती टाकायच्या, याचं गणित ते करतं. या कुंडल्यांना 'प्रोफाइल' म्हणतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांच्या कुंडल्या वाचता याव्यात म्हणून १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संस्था काढली, तिची मापं आजही चालतात.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. ऑफसेटचं खोकं ज्या बोर्डावर छापायचं तो प्रूफाच्या कागदाइतका शुभ्र नसतो. थोडा पिवळट, थोडा करडा. तर हे सॉफ्टवेअर प्रूफाच्या कोऱ्या भागावरही शाईची अगदी फिकी फवारणी करतं. मुद्दाम. छान पांढरा कागद ते मळकट करून देतं, कारण खरा माल तेवढाच मळकट असणार आहे. झेंडू विझवून दाखवतं, कारण तो विझणार आहे. दहा शायांच्या यंत्राला चार शायांच्या यंत्रासारखं वागायला लावण्यासाठी पैसे मोजायचे, हे प्रथम ऐकताना वेडेपणाचं वाटतं.

पण बँकेत तीस-बत्तीस वर्षं काढलेल्याला ते लगेच पटतं. खातं उघडताना आम्ही नमुना सही घेत असू. कार्डावर. चेक आला की ती काढून ताडून पाहायची. खातेदारानं चेकवर सुंदर, वळणदार, नमुन्यापेक्षा सरस सही केली, तर आम्ही त्याचं कौतुक करत नसू; चेक परत पाठवत असू. सुंदर सही कामाची नाही, तीच सही हवी.

ताडून पाहणं नजरेवर सोडलं की मात्र वाद मिटत नाहीत. म्हणून प्रूफाच्या कडेला रंगीत चौकोनांची पट्टी छापतात आणि ती यंत्रानं वाचतात. दोन रंगांमधलं अंतर आकड्यात सांगायची पद्धत आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानं १९७६ मध्ये ठरवून दिली. त्या अंतराला 'डेल्टा ई' म्हणतात. डिजिटल प्रूफासाठी २००७ मध्ये जे आंतरराष्ट्रीय मानक आलं, त्यात पट्टीवरचं सरासरी अंतर तीनच्या आत आणि कुठल्याही एका चौकोनाचं सहाच्या आत असावं, अशी अट होती. पुढं मोजण्याचं सूत्र सुधारलं, आकडे बदलले, तत्त्व तेच राहिलं. आकडा आत असेल तर सॉफ्टवेअर त्या प्रूफावरच तारीख-वेळ घालून 'पास' असं लेबल छापतं. आमच्या त्या खातेदाराच्या वेळी असं लेबल असतं, तर निदान भांडण कशावरून आहे हे तरी दोघांना कळलं असतं.

चाकणच्या मोटार कारखान्यांत हाच प्रश्न वेगळ्या वेषात भेटतो. मोटारीचा सांगाडा पत्र्याचा, तो एका ठिकाणी रंगतो. बंपर प्लॅस्टिकचा, तो पुष्कळदा वेगळ्या लाइनवर, कधी वेगळ्या पुरवठादाराकडेच रंगतो. दोघं एकमेकांना चिकटून उभे राहणार, उन्हात. फरक असेल तर शोरूममध्ये पहिल्या मिनिटाला दिसतो. तिथंही एक मूळ नमुना-पट्टी, तिथंही तेच मोजणारं यंत्र, तोच डेल्टा ई. रंगाच्या कारखान्यातल्या माणसाला आणि खोकी छापणाऱ्याला एकमेकांची भाषा समजते, हे मला फार उशिरा लक्षात आलेलं नवल. खोक्यांच्या धंद्यात अजून 'शेड कार्ड' चालतं. एकाच रंगाचे तीन नमुने: फिका, नेमका, गडद. या दोन कडांच्या मध्ये येईल ते मंजूर. माणसाच्या कामात थोडं इकडंतिकडं होणारच, हे मान्य करणारा यापेक्षा समंजस कागद मी तरी पाहिलेला नाही.

आणि उजेड! लक्ष्मी रोडच्या दुकानात साडी पसंत केल्यावर आई ती उचलून दुकानाच्या पायरीवर, उन्हात नेऊन बघायची. सेल्समन वैतागायचा. पण शास्त्र आईच्या बाजूचं आहे. दोन रंग एका उजेडात जुळे आणि दुसऱ्यात सावत्र दिसू शकतात. म्हणून प्रूफ पाहायला ५००० केल्विनचा, दिवसाच्या उजेडाजवळ जाणारा प्रमाणित दिवा लागतो. असा दिवा असलेली पेटी छापखान्यात असते. सही ज्या टेबलावर होते, त्या खरेदी खात्याच्या टेबलावर ती क्वचित असते. शिवाय लाल-हिरव्यातला भेद न कळण्याची अडचण पुरुषांमध्ये बायकांपेक्षा बरीच जास्त आढळते, आणि खरेदी खात्यात अजून पुरुषच जास्त. यावरून काय अनुमान काढायचं ते वाचकांनी काढावं.

आता छायाचित्रांकडे वळू. सॉफ्टवेअर त्याच जातीचं, पण हेतू जवळजवळ उलटा. प्रूफात प्रिंटरला लगाम घालायचा. छायाचित्रात तो सैल सोडायचा, पण घोडा भरकटू द्यायचा नाही. या दोन्ही गोष्टींचं मूळ एकाच यंत्रात आहे, हा इतिहासही गमतीदार आहे. अमेरिकेत आयरिस नावाचा मोठा इंकजेट प्रिंटर छपाईपूर्व प्रूफासाठीच बनवला होता. ग्रॅहम नॅश हा गायक छायाचित्रांचा वेडा. त्यानं हा प्रिंटर आपल्या छायाचित्रांसाठी वापरायचं ठरवलं, जाड कलाकागद आत जावा म्हणून त्याच्या लोकांनी यंत्रात फेरफार केले, आणि १९९१ मध्ये त्यानं कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स ही छापशाळा काढली. तो आयरिस ३०४७ प्रिंटर आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. औषधाच्या खोक्याचं प्रूफ काढायला जन्मलेलं यंत्र कलादालनात जाऊन बसलं.

आपल्याकडे कलादालनं थोडी, पण लग्नं उदंड. अल्बम करणाऱ्या स्टुडिओत जाऊन बसलात तर हे सॉफ्टवेअर कशाला लागतं ते पटकन समजतं. हळदीचा पिवळा, शालूचा हिरवा, मुंडावळ्यांचे मोती, आणि या सगळ्यांच्या मध्ये नवरीचा चेहरा. पान तीनवर ती गव्हाळ आणि पान तीसवर गुलाबी दिसून चालत नाही. मुलीच्या आईला डेल्टा ई ठाऊक नसतं, पण तिची नजर कुठल्याही यंत्राइतकी कडक असते. दिवसभरात तीन वेगळ्या कागदांवर, दोन वेगळ्या प्रिंटरांवर काम काढायचं, रोलची एक इंचही पट्टी वाया न घालवता लहान-मोठे फोटो जुळवून बसवायचे, एक काम छापत असताना पुढची दहा रांगेत लावायची. ही सारी हमाली ड्रायव्हरच्या आवाक्याबाहेरची आहे.

कृष्णधवल छायाचित्राला तर याची जास्तच गरज. आजोबांचा जुना फोटो मोठा करून घेतला की तो कधी हिरवट, कधी किरमिजी झाक घेऊन येतो, हा अनुभव अनेकांना असेल. रंगीत शाया मिसळून करडा बनवताना थोडं पारडं झुकलं की असं होतं. चांगलं सॉफ्टवेअर दोन-तीन प्रकारच्या काळ्या-करड्या शायांवर मुख्य भार टाकतं आणि रंगीत शाई चिमटीभर वापरतं. मग आजोबांच्या काळ्या कोटाच्या घड्या काळ्यातच वेगवेगळ्या दिसतात.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण विक्रेते सांगत नाहीत. फिअरी, जीएमजी, ओरिस ही नावं प्रूफाच्या धंद्यात, इमेजप्रिंट छायाचित्रकारांत गाजलेली आहेत. पण घरी एक प्रिंटर, एका जातीचा कागद आणि महिन्याला वीस फोटो असा ज्याचा व्याप आहे, त्यानं यांच्या वाटेला जाऊ नये. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ड्रायव्हर खूप सुधारले. आपल्या कागदासाठी एक चांगली प्रोफाइल बनवून घेतली आणि पडदा नीट लावला की हौशी माणसाचं काम भागतं. मोटार घ्यायची म्हणून कोणी पेट्रोलपंप विकत घेत नाही.

छापखान्यात मात्र हा खर्च टळत नाही, आणि सॉफ्टवेअरपेक्षाही ते सांभाळणारा माणूस टिकवणं अवघड आहे. पुणे विद्यार्थी गृहाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून मुद्रण शिकून निघालेली मुलं पूर्वी मशीनकडे धावत, त्यातली बरीच पुढं या प्रूफ-खोलीत स्थिरावली. खोली थंड, भिंती करड्या रंगवलेल्या. भिंतीचा रंगही नजरेला फसवतो म्हणून. प्रूफ निघाल्यावर लगेच मोजत नाहीत, शाई वाळू देतात. महिन्यापूर्वीचं प्रूफ पुन्हा काढतात, कारण उन्हात आणि हवेत तेही उतरतं. दर सोमवारी प्रिंटरची पायरी-पट्टी पुन्हा वाचायची. कंटाळवाणं काम. कॅश बंद करताना रोज नोटा मोजण्यासारखं; बरोबर निघाल्या तर कोणी शाबासकी देत नाही.

अलीकडे आणखी एक सोय झाली आहे. भोसरीतल्या छापखान्यानं फाइल पाठवायची आणि प्रूफ चाकणला गिऱ्हाइकाच्याच प्रिंटरवर निघायचं. दोन्हीकडे तेच सॉफ्टवेअर, तीच कुंडली, तोच कागद; पट्टी तिथंच वाचली जाते आणि आकडे इकडे येतात. नाशिक रस्त्यावरची ती वाहतूक ज्यांना ठाऊक आहे त्यांना या सोयीचं मोल वेगळं सांगायला नको. पूर्वी एक माणूस प्रूफाची गुंडाळी बगलेत मारून स्कूटरवर निघायचा, मोशीला अडकायचा, पावसात गुंडाळी भिजायची, आणि साहेब जेवायला गेलेले असायचे.

सही मात्र अजून बहुतेक ठिकाणी पेनानंच होते. कागदावर, खाली तारीख घालून. एका छापखान्याच्या प्रूफ-खोलीत मी टेबलावर चिकटवलेली सूचना पाहिली. हातानं लिहिलेली, लाल स्केचपेननं: 'साहेबांनी कृपया सही कोऱ्या जागेत करावी. रंगपट्टीवर करू नये.' मी विचारलं, तर ऑपरेटर म्हणाला, 'काय करणार सर, सगळ्यात देखणी जागा तीच दिसते ना.'